काहीतरी उचलायचं राहिलंय

मावशी दुकानाची पायरी चढली, की दाढीवाल्याच्या कपाळाला आठी पडायची. त्याचं तरी काय चुकलं? जुने कॉम्प्युटर दुरुस्त करायचे आणि जोडीला लहान मुलांचे गेम विकायचे, हा त्याचा धंदा. गिऱ्हाईक येतं, डबीवरचं चित्र बघतं, घेतं आणि जातं. ही बाई मात्र कामावरून सुटली की थेट येणार, स्टूल ओढून कोपऱ्यातल्या मशीनपुढे बसणार, अख्खा गेम स्वतः खेळून बघणार आणि परत करणार. वर कारणं ऐकवणार.

"ह्यात पूल कोसळतो. नको."

"अहो बाई, कोसळतो आणि लगेच उभा राहतो परत."

"कोसळतो ना? मग नको."

"बाई, गेम घेताय की मुलीला स्थळ बघताय?"

"स्थळ बघत असते ना, तर आत्तापर्यंत तुमचं दुकान बंद पाडलं असतं," मावशी म्हणाली आणि पुढची डबी उचलली.

तिचा स्वभावच तसा, आणि नोकरीने त्याला धार लावलेली. तयार कपड्यांच्या कारखान्यात ती चेकर होती. शिवलेला शर्ट टेबलावर आला की आधी उलटा करायचा, शिवणीवरून बोट फिरवायचं, काज बघायचं, कॉलरचं टोक दाबायचं. एक टाका सुटलेला दिसला की शर्ट बाजूला. शिवणारे तिच्या नावाने बोटं मोडायचे, पण तिच्या टेबलावरून पुढे गेलेला माल कधी परत आला नव्हता. ह्याचा तिला गर्व होता, आणि का नसावा?

आता ती गेम उलटा करून बघत होती. कारण तो भिंगरीसाठी होता.

भिंगरी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीची मुलगी. अजून वाचता येत नव्हतं, एवढी लहान. आधी घरभर गरगरायची म्हणून भिंगरी. आता नाव तेवढं उरलं होतं. एका सकाळी ताई शाळेच्या ऑफिसात कामाला गेली, ती तिथेच टेबलावर डोकं टेकून पडली. मेंदूत रक्तस्राव झाला, म्हणाले. संध्याकाळच्या आत सगळं संपलं. भिंगरीला शेजारच्या काकूंकडे ठेवलं होतं, आणि सगळं उरकल्यावर घरी आणलं. तिने विचारलं, आई कुठाय? तिचे बाबा म्हणाले, "कामाला गेलीये. येईल."

मावशीला ते तेव्हाच पटलं नव्हतं. पण भावजींपुढे बोलायची सोय नव्हती. माणूस वाईट नव्हे हो. लिफ्टचा मेकॅनिक. लिफ्ट अडकली की आतली माणसं घाबरतात, दारं बडवतात. भावजी बाहेरून ओरडून सांगायचे, "झालंच, दोन मिनिटं!" मग दोन मिनिटं असोत की दोन तास. अडकलेल्या माणसाला खरं सांगायचं नसतं, खरं कळलं की त्याचा श्वास कोंडतो, हे त्यांनी नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकून घेतलं होतं. दर वेळी दार उघडलं होतं, दर वेळी माणूस जिवंत बाहेर आला होता. मग पोरीच्या बाबतीत त्यांनी वेगळं का वागावं?

सगळ्या इमारतीला त्यांनी बजावून ठेवलं. इस्त्रीवाल्याला, वॉचमनला, काकूंना. आणि मावशीला तर तोंडावर सांगितलं, "तू तिच्यासाठी इथे राहायला आलीस, उपकार आहेत तुझे. पण तिला जो कुणी सांगेल, त्याने ह्या घरात परत पाय ठेवायचा नाही. मग तू का असेना."

मावशीचं स्वतःचं असं दुसरं कुणी नव्हतं. आपली खोली सोडून ती दोन पिशव्या घेऊन ह्या घरात आली होती. झोपेत भिंगरीचा पाय तिच्या पोटावर यायचा, तेवढ्यापुरतं तिला जगावंसं वाटायचं. ती गप्प बसली.

पण भिंगरीही गप्प बसली ना! बोलेना, धड जेवेना. शाळेतून आली की दाराकडे तोंड करून फरशीवर बसून राहायची. शाळेतल्या बाई म्हणाल्या, तिच्या हातांना काहीतरी काम द्या. घरात ताईचा कॉम्प्युटर होता, चादरीखाली झाकलेला. म्हणून मावशी दाढीवाल्याकडे खेटे घालत होती.

तिच्या अटी ऐकून दाढीवाल्याने डोक्याला हात लावला होता. कुणी मरायचं नाही. कुणी आजारी पडायचं नाही. कुणाची आई हरवायची नाही, मुळात आईच नको. पडणं नको, बुडणं नको, घड्याळ लावून घाई नको. एका गेममध्ये सशाचं पिल्लू आईला शोधायला निघतं, तो तर तिने डबीवरचं चित्र बघूनच खाली ठेवला, उलटा, तोंड खाली करून.

शेवटी एक दिवस दाढीवाल्याने मागच्या कपाटातून एक धूळ खाल्लेली डबी काढली. "हा बघा. ह्यात तुम्हाला खोट सापडली तर दुकान तुमच्या नावावर करतो."

गेम होता एका कासवाचा. कासवाच्या पाठीवर लाल पिशवी. एका मोठ्या जुन्या घरातले दिवे गेलेत, आणि कासवाने खोलीखोलीत जाऊन ते लावायचे. बाण न्यायचा आणि क्लिक करायचं. कपाटावर क्लिक केलं की कपाट उघडतं, आतला चमचा पिशवीत येतो. घरात प्राणी बसलेले, प्रत्येकाचं काहीतरी हरवलेलं. एक अस्वल दाराआड पाठ करून बसलंय, कुणाशी बोलत नाही. त्याला त्याचा चष्मा नेऊन दिला, की ते वळतं, हसतं आणि पुढचं दार उघडून देतं.

"आणि चुकीची वस्तू दिली तर?" मावशीने विचारलं.

"तर नको म्हणतं. रागावत नाही. परत शोधायचं."

"आणि अडलं तर?"

"अडतच नाही ह्यात. बंद दार शेवटी राहतच नाही. अडलं तर एवढंच समजायचं, काहीतरी उचलायचं राहिलंय."

मावशीला हे वाक्य फार आवडलं. तरी तिने लगेच मान डोलावली नाही, ती काय कच्ची होती? रोज कामानंतर येऊन तिने तो गेम पहिल्या खोलीपासून शेवटच्या दिव्यापर्यंत खेळून काढला. शिवणीवरून बोट फिरवावं तसा. एकही टाका सुटलेला नव्हता. शेवटी सगळं घर उजळतं, सगळे प्राणी खिडकीत येतात, आणि कासव रिकामी पिशवी खुंटीला टांगून झोपतं. बस्स. पास.

घरी आल्यावर तिने चादर काढली, भिंगरीला मांडीवर घेतलं आणि तिच्या हातावर हात ठेवून माऊस फिरवला. पहिल्या दिवशी पोरगी नुसती बघत होती. दुसऱ्या दिवशी तिचं बोट आपणहून दाबलं गेलं. आणि मग एका संध्याकाळी, मावशी भांडी घासत असताना, आतून आवाज आला, "मावशी, अस्वलाचा चष्मा उशीखाली होता!"

साबणाचे हात तसेच घेऊन मावशी धावली. किती दिवसांनी त्या घरात मोठ्याने कुणी बोललं होतं! भावजी कामावरून आले तेव्हा भिंगरीने त्यांना हाताला धरून ओढत नेलं आणि चष्मा दाखवला. ते स्टुलावर बसले, आणि कासवाचा बेडकाला छत्री द्यायचा घोळ बघून चक्क हसले. "भलतंच हुशार निघालं की हे कासव. आमच्याकडे कामाला पाठवा त्याला," म्हणाले. मावशीला त्या दिवशी ताठ चालायला झालं. माल तपासावा तर तिनेच.

भिंगरी कुठे अडली की ती हात कमरेवर ठेवून म्हणायची, "अडलं म्हणजे काय, भिंगरे?" आणि भिंगरी म्हणायची, "काहीतरी उचलायचं राहिलंय!" दोघी हे गाण्यासारखं म्हणायच्या. हो, मावशीनेच शिकवलं ते तिला. स्वतःच्या तोंडाने.

मग घरातल्या वस्तू गायब व्हायला लागल्या. आधी चहाची गाळणी. मग भावजींचा छोटा स्क्रू-ड्रायव्हर, मावशीची केसांची पिन, कपाटाच्या खणातली एक जुनी किल्ली. सगळं भिंगरीच्या शाळेच्या जुन्या दप्तरात सापडलं. लालच होतं ते दप्तर. मावशीला हसू आलं. खेळतेय, खेळू दे. तिने गाळणी तेवढी काढून घेतली आणि बाकीचं राहू दिलं.

इस्त्रीवाल्याने एकदा तिला जिन्यात थांबवलं. भला माणूस, त्याचा चेहरा उतरला होता. म्हणाला, "तुमची पोरगी आली होती. मला एक बटण दिलं आणि पुढ्यात उभी राहिली. म्हटलं, काय गं? तर म्हणे, आता सांगा. म्हटलं, काय सांगू? तर म्हणे, आई कुठाय ते."

मावशीने विचारलं, "मग काय सांगितलंत?"

"काय सांगणार? साहेबांनी बजावलंय ना. म्हटलं, कामाला गेलीये, येईल. तर बटण परत घेतलं माझ्याकडून. म्हणाली, चुकीची वस्तू दिली वाटतं."

भिंगरी वॉचमनकडे शिट्टी घेऊन गेली होती. काकूंकडे सुईदोरा घेऊन गेली होती. सगळी इमारत तिने खोलीखोलीने पालथी घातली होती, आणि सगळ्यांनी तेच उत्तर दिलं होतं, आणि प्रत्येक वेळी तिने इमानदारीत वस्तू परत दप्तरात घातली होती. तिच्या दृष्टीने कुणीच खोटं बोलत नव्हतं. चूक तिचीच होती. तिने योग्य ती वस्तू आणली नव्हती.

त्या रविवारी ती भावजींसमोर येऊन उभी राहिली. हातात ताईचा कंगवा. दातांत ताईचे चार लांब केस अडकलेले. तो कंगवा भावजींनी स्वतःच्या शर्टांच्या घडीखाली ठेवला होता, मावशीलाही माहीत नव्हतं. पोरीने शोधून काढला होता.

"हे घ्या," भिंगरी म्हणाली. "आता सांगा."

भावजींनी कंगव्याकडे बघितलं. त्यांचा हात पुढे झाला आणि तसाच अधांतरी राहिला. "कामाला गेलीये बाळा," ते म्हणाले, "येईल. दोन दिवसांत," आणि गॅलरीत निघून गेले. भिंगरीने कंगवा दप्तरात ठेवला. तोंड इवलंसं झालं होतं तिचं.

मावशी गॅलरीत गेली. "भावजी, पुरे करा आता. सांगू या तिला."

"हे तूच आणलंस घरात," ते दबक्या आवाजात म्हणाले. "बरी निजल्यासारखी झाली होती ती. तू तिला उठवलंस. तुझं ते कासव का फासव!"

"निजली नव्हती, विझत चालली होती! डोळे आहेत का नाहीत तुम्हाला?"

"मी एकदा सांगितलंय, परत सांगणार नाही. तोंड उघडलंस तर पिशव्या भर."

 भांडायला मावशी कमी नव्हती, पण भिंगरीचा पाय पोटावर येणार नाही अशी रात्र तिच्या डोळ्यांपुढे आली आणि तिचं धाडसच संपलं. लाज वाटली तिला स्वतःची. तरी ती आत जाऊन भांडी घासायला लागली.

पुढच्याच दुपारी भिंगरी सापडेना. शाळा सुटल्यावर ती काकूंकडे असायची. काकूंना वाटलं ती स्वतःच्या घरी गेली, आणि मावशी कामावरून आली तो घराला कुलूप. इमारतीत हाका मारून झाल्या, रस्ता बघून झाला, कोपऱ्यावरचं दुकान, शाळेचं बंद फाटक. मावशी अनवाणीच पळत होती, वहाण कुठे सुटली ते तिचं तिला कळलं नाही. शेवटी वॉचमनच्या लक्षात आलं, तळघराचा दिवा लागलेला दिसतोय.

तळघरात पंपाची खोली होती. लोखंडी दार, वर गंजलेलं कुलूप. इमारतीत भिंगरीने कधीच उघडलेलं न पाहिलेलं एकच दार. त्याच्यासमोर ती बसली होती. फरशीवर दप्तर उपडं केलेलं, सगळ्या वस्तू ओळीने मांडलेल्या, आणि ती एकेक वस्तू दाराला लावून बघत होती. बटण लावून झालं होतं, शिट्टी लावून झाली होती. जुनी किल्ली कुलपात अर्धवट अडकून वाकली होती. पिनेने खरवडून तिच्या बोटांतून रक्त येत होतं आणि तिने ते फ्रॉकला पुसलं होतं. दाराच्या कडीत तिने ताईचा कंगवा खोचला होता.

"मावशी," ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "हे उघडतच नाही गं. काहीतरी उचलायचं राहिलंय माझं. तू सांग ना काय राहिलंय?"

मावशी खाली बसली. तिला वाटलं, हाच तो सुटलेला टाका. अख्खा गेम उलटा केला, मरण शोधलं, पाणी शोधलं, पडणं शोधलं, आणि जे चांगलं म्हणून पास केलं त्यानेच पोरीला इथे आणून बसवलं. बंद दार शेवटी राहतच नाही, म्हणे! तिने भिंगरीची रक्ताळलेली बोटं आपल्या ओढणीत गुंडाळली.

"काही राहिलं नाही भिंगरे. तू सगळं उचललंस. तुझं काही चुकलं नाही."

"मग?"

"हे दार आईचं नाहीच. आईचं दारच नाही कुठे. आई मेली, राणी. ऑफिसात तिच्या डोक्यात दुखलं आणि ती मेली. मेलं म्हणजे परत येता येत नाही. तिला खूप यायचं असेल तरी नाही. तू कितीही वस्तू आणल्यास तरी नाही."

जिन्यावर बुटांचा आवाज थांबला. भावजी होते, कामाच्या कपड्यांत. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

भिंगरीने कडीतला कंगवा काढून घेतला. मग तिने विचारलं, "मग परत पहिल्यापासून सुरू करायचं?"

"नाही करता येत, बाळा."

तेव्हा ती रडली. मोठ्याने, तोंड वासून, लहान मुलं गुडघा फुटल्यावर रडतात तशी. भावजी पायऱ्या उतरून आले, तिला उचललं, आणि मावशीकडे न बघता म्हणाले, "तुझी सोय बघ. आठवड्याच्या आत."

त्या रात्री भिंगरी बाबांपाशी झोपली. मावशीने पिशव्या काढल्या, भरल्या मात्र नाहीत. पहाटे तिची कारखान्यातली पाळी होती. पोरीला उठवायचं तिच्या जिवावर आलं, म्हणून ती तशीच निघून गेली. टेबलावर बसून शर्टांमागून शर्ट उलटे करत राहिली, आणि एकाही शिवणीत तिचं लक्ष नव्हतं. त्या दिवशी तिच्या टेबलावरून काय काय पुढे गेलं, देव जाणे.

जेवणाच्या सुट्टीच्या आधीच गेटवरचा माणूस तिला बोलवायला आला. "बाहेर कुणी आलंय. जरा लवकर चला."

फाटकाबाहेर भावजी उभे होते. दाढी न केलेली, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. हाताला धरून भिंगरी, पाठीवर लाल दप्तर. रडून रडून तिचा चेहरा सुजला होता. मावशीला बघितल्यावर ती धावली नाही. जागेवरच उभी राहून टक लावून बघत राहिली.

"सकाळी उठली," भावजी म्हणाले.  "मावशी कुठाय म्हणाली. माझ्या तोंडून गेलं, कामाला गेलीये, येईल." ते थांबले. "अगं, खरंच सांगत होतो. खरंच गेली होतीस ना तू. किती सांगितलं, शपथ घेतली. तिने तुझी पिन घेतली, तुझी घरातली वहाण घेतली, दप्तरात भरली आणि दार बडवायला लागली. ऐकेचना. आता मी काहीही सांगितलं तरी तिला खरं वाटत नाही."

मावशी गेटाबाहेर आली आणि भिंगरीसमोर उकिडवी बसली. भिंगरीने हात पुढे करून तिचा गाल दाबून बघितला. मग कान. मग मनगट धरून ठेवलं थोडा वेळ.

"गरम आहे," ती बाबांना म्हणाली.

"हो ना. सांगत होतो ना मी," भावजी म्हणाले, आणि त्यांना तिथे, भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, ढसाढसा रडू कोसळलं. ताई गेल्यापासून ते पहिल्यांदा रडत होते. गेटवरच्या माणसाने तोंड दुसरीकडे वळवलं.

 भिंगरीने दप्तर काढून खाली ठेवलं आणि उघडलं. मावशीची पिन मावशीला दिली, वहाण तिच्या पायाशी ठेवली. स्क्रू-ड्रायव्हर बाबांच्या खिशात टाकला. तळाशी कंगवा राहिला. तो तिने हातात घेतला, केसांना धक्का न लावता, आणि बाबांपुढे धरला. ह्या वेळी तिने काही विचारलं नाही.

भावजींनी तो घेतला.